कोंबडीला माहीत होतं का? मुलांची चित्रपुस्तकं मोठ्यांना का भिडतात

मे महिन्यातली नागपूरची दुपार. कूलरच्या ताट्यांना नुकतंच पाणी सोडलेलं, रस्त्यावर कुत्रंही नाही. बाबा दिवाणावर बसून एक पुस्तक वाचत होते. पाण्याचे कॅन देणारा मुलगा दारात आला, आत डोकावला आणि हसला. "काकाजी, पोट्ट्यायचं पुस्तक वाचून राहिले का जी?"

बाबा ७९ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. पुस्तक खरोखरच पोट्ट्यांचं होतं. माझी साडेचार वर्षांची भाची पुण्याहून आली होती, ती जाताना विसरून गेली. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या मुलाला उत्तर द्यायचं सोडून मला विचारलं, "ह्या कोंबडीला माहीत होतं का गं?"

मोठ्या माणसांनी चित्रांची पुस्तकं वाचणं अजून आपल्याकडे थोडं हसण्यावारीच जातं. पुस्तक प्रदर्शनात मुलांच्या स्टॉलवर एकटं माणूस रेंगाळलं की विक्रेता विचारतो, "किती वर्षांच्या मुलासाठी पाहिजे?" आणि गिऱ्हाईक अवघडतं. मी स्वतः एकदा "भाचीसाठी" असं धडधडीत खोटं बोलले आहे. तेव्हा भाची जन्मालाही आली नव्हती.

तर ह्या पुस्तकांत मोठ्यांना नेमकं काय मिळतं, ते जरा उलगडून पाहू.

आधी, चित्रपुस्तक म्हणजे काय?

ज्यात चित्रं आहेत ते प्रत्येक पुस्तक चित्रपुस्तक नसतं. बालभारतीच्या पाठावर चित्र असायचं. ते झाकलं तरी धडा तसाच्या तसा राही, कारण चित्र शोभेला होतं. असं पुस्तक म्हणजे सचित्र पुस्तक. चित्रपुस्तकात गोष्टीचा अर्धा भाग शब्दांकडे असतो आणि अर्धा चित्रांकडे. एक झाकलं की दुसरं लंगडं होतं.

पुष्कळदा तर दोघं वेगवेगळंच सांगत असतात. घरात पाहुणे आलेत, आई म्हणते, "असं कसं, जेवूनच जा." आणि आत जाता जाता बाबांकडे एक नजर टाकते. शब्द ऐकले तर आग्रह, नजर पाहिली तर डब्यात पोळ्या चारच आहेत. खरी गोष्ट ह्या दोन्हींच्या मधे कुठेतरी असते. चांगलं चित्रपुस्तक त्याच फटीत घर करून राहतं.

बाबांच्या हातातलं पुस्तक ह्याचा अगदी नमुना आहे. पॅट हचिन्स ह्या ब्रिटिश चित्रकार-लेखिकेचं 'रोझीज वॉक', १९६८ सालचं. सगळ्या पुस्तकात मिळून ३२ शब्द. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते, अंगणातून, तळ्याला वळसा घालून, गवताच्या गंजीवरून, गिरणीजवळून, कुंपणातून, मधमाश्यांच्या पेट्यांखालून जाते आणि जेवणाच्या वेळेला घरी परत येते. संपलं. शब्दांत एवढंच आहे.

चित्रांत मात्र पहिल्यापासून तिच्या मागे एक कोल्हा लागलेला आहे. शब्दांत त्याचा नावालाही उल्लेख नाही. तो झेप घेतो, बागेतल्या दाताळ्यावर पाय पडतो, दांडा नाकावर बसतो. पुन्हा झेप, तळ्यात. मग गंजीत. गिरणीजवळ त्याच्यावर पिठाचं पोतं रिकामं होतं. शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. कोंबडी मान ताठ ठेवून चालत राहते. एकदाही वळून बघत नाही.

जाता जाता छापखान्यातली एक गंमत. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात, ती कुणा विद्वानाने ठरवलं म्हणून नव्हे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून घड्या घातल्या की ८, १६ अशी पानं होतात. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर दोन फर्मे म्हणजे ३२. एवढ्यातच सगळं बसवायचं, त्यामुळे लिहिणाऱ्याला शब्द टाकून द्यावेच लागतात.

एक पुस्तक, दोन वाचक

कथा-कादंबरी एकट्याने वाचायची असते. चित्रपुस्तक मुळातच दोघांसाठी बांधलेलं असतं. एकाला अक्षरं वाचता येतात, दुसऱ्याला येत नाहीत, आणि दोघं एकाच पानावर असतात. म्हणून चांगला लेखक एकाच वाक्यात मुलाशी बोलतो आणि त्याच्या डोक्यावरून मागे बसलेल्या माणसाशीही. अभ्यासक ह्याला दुहेरी संबोधन म्हणतात.

नागपूरकराला हे समजावून सांगायची गरजच नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. महाल-इतवारीच्या गल्ल्यांतून काळी आणि पिवळी मारबत ह्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, आणि सोबत 'बडगे' म्हणतात त्या टीका करणाऱ्या पुतळ्यांची रांग. बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराला दिसतो एक भलामोठा, बटबटीत डोळ्यांचा, पोट सुटलेला पुतळा. बाप त्याच पुतळ्याच्या गळ्यातली पाटी वाचत असतो, तिच्यावर महागाई असते, भ्रष्टाचार असतो, त्या वर्षी जे काही लोकांच्या मनात खदखदत असेल ते असतं. पोरगं घाबरतं आणि हसतं, बाप चिडतो आणि हसतो. मिरवणूक एकच. त्याच दिवशी तान्हा पोळाही असतो. पोरांच्या हातात दोरी लावलेला लाकडी नंदी, पण त्याची शिंगं रंगवायला आदल्या रात्री जागलेलं असतं मोठं माणूस. ह्या सणाला कुणी पोरकटपणा म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आणि गोष्ट सांगण्यासाठी चित्र वापरणं हे लहान मुलांचं काम, ही समजूत आपल्या मातीतली तर नाहीच. सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं लावत आले आहेत. समोर बसणारं गाव सगळं मोठ्यांचं.

मुलांना ह्या जोडीत कमी लेखायचं कारण नाही. २००५ साली कॅनडातल्या दोन संशोधकांनी, गोष्ट ऐकताना मुलांचे डोळे कुठे फिरतात हे यंत्राने नोंदवलं. अक्षरओळख नसलेली मुलं अक्षरांकडे जवळजवळ पाहतच नव्हती, सारा वेळ चित्रांवर. आपण उलटे. आपण ओळ वाचतो, चित्रावर नजर टाकतो आणि पान उलटतो. माझ्या भाचीने कोल्हा पहिल्या पानावर पाहिला. मी तिला वाचून दाखवत होते आणि मला तो दुसऱ्या पानावर दिसला. वाचता येणारी मी होते!

जे सांगितलेलं नाही तिथे आपण जातो

लग्नपत्रिकेवरचा गणपती आठवा. दोन वळणं, एक सोंड, बाजूला मोदकासारखं काहीतरी. डोळे नाहीत, हात नाहीत, तरी गणपतीच दिसतो, कारण उरलेला आपण घरून घेऊन आलेलो असतो. रेषा जितक्या कमी, तितकी बघणाऱ्याला आत शिरायला जागा जास्त. एखाद्याचा हुबेहूब फोटो म्हणजे तोच एक माणूस. दोन ठिपके आणि एक रेघ म्हणजे कुणीही, मीसुद्धा.

ह्या मोकळ्या जागा मूल आणि मोठं माणूस वेगवेगळ्या भरतात. मूल त्याच्या साडेचार वर्षांतून भरतं, आपण आपल्या पन्नास-साठ वर्षांतून. पुस्तक तेच, भर वेगळी.

मॉरिस सेंडाकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) ह्याच कारणासाठी मोठ्यांनाही पुरून उरतं. मॅक्स नावाचा मुलगा दंगा करतो, आई त्याला जेवण न देता खोलीत पाठवते, खोलीत जंगल उगवतं, तो राक्षसांच्या बेटावर जाऊन राजा होतो आणि कंटाळून घरी येतो. आता नुसती चित्रांची मापं पाहा. पहिली चित्रं छोटी, भोवती पांढरी जागा भरपूर. मॅक्सचा राग जसा वाढतो तशी चित्रं फुगत जातात, पान भरतात, समोरचं पानही गिळतात. धुमाकुळाच्या ऐन भरात तीन जोडपानांवर एकही शब्द उरत नाही. मग चित्रं पुन्हा आक्रसायला लागतात. राग चढतो आणि उतरतो कसा, हे शब्दाविना दाखवलंय.

मॅक्स परत येतो तेव्हा खोलीत जेवण वाढून ठेवलेलं असतं. शेवटच्या पानावर चित्र नाही, फक्त ते अजून गरम असल्याचं सांगणारे शब्द. मुलाला एवढं पुरतं की जेवण मिळालं. मोठ्या माणसाला प्रश्न पडतो की ते ठेवलं कुणी, कधी, आणि ठेवताना तिच्या मनात काय होतं. कारण आई ह्या पुस्तकात एकदाही चित्रात दिसत नाही. पोरावर कधी हात उगारून नंतर अर्धा तास ओट्यापाशी उगाच भांडी लावत उभं राहिलेल्या कुणालाही तिचा चेहरा काढून दाखवावा लागत नाही.

(सेंडाकने त्या राक्षसांचे चेहरे लहानपणी घरी येणाऱ्या नातेवाइकांवरून घेतले होते, असं तो सांगायचा. गालगुच्चे घेणारे मामा-मावश्या ज्यांच्या वाट्याला आले, त्यांना हे लगेच पटेल.)

तांदूळ निवडता निवडता

आता चित्रपुस्तकाने दोन वाचकांचं 'नातं जुळतं' म्हणतात, ते कसं?

दोन माणसं एकाच वस्तूकडे बघतायत, आणि समोरचाही तेच बघतोय हे दोघांनाही ठाऊक आहे, ह्याला मानसशास्त्रात सामायिक लक्ष म्हणतात. बाळ वर्षाचं व्हायच्या सुमारास चांदोबाकडे बोट दाखवतं आणि मग आपल्या तोंडाकडे बघतं, 'तुलाही दिसला ना?' म्हणून, तेच हे. भाषा शिकायला त्याची मोठी मदत होते.

मोठेपणीही आपण त्याच वाटेने जवळ येतो. समोरासमोर बसवून "बोल, काय झालं" म्हटलं की माणूस मिटतो. तेच ताट पुढ्यात घेऊन तांदूळ निवडायला बसलं की नजर ताटात, हात कामात आणि तोंड आपोआप मोकळं. आमच्या घरातल्या सगळ्या महत्त्वाच्या बातम्या मी मटार सोलताना ऐकल्या आहेत. चित्रपुस्तक असंच मधलं ताट आहे. दोघांनी त्यात बघायचं, एकमेकांकडे नाही.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. बाबा तिच्याबद्दल बोलत नसत. विचारलं तर "हं" म्हणून टीव्हीचा आवाज वाढवत. त्या मे महिन्याच्या दुपारी कोंबडीचा प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी मला गिरणीचं चित्र दाखवलं. मी ते चारदा वाचलेलं होतं आणि तरी माझ्या नजरेतून सुटलं होतं. कोंबडीच्या पायात एक दोरी अडकलेली आहे. ती पुढे चालते, दोरी ताणली जाते, आणि म्हणून कोल्ह्याच्या डोक्यावर पीठ सांडतं.

"तुझी आई अशीच होती," बाबा पानाकडे बघतच म्हणाले. "माझी भुसावळला बदली, आजीचं अंथरूण, घराचं कर्ज. काय काय मागे लागलं होतं हिच्या. एकदा वळून नाही पाहिलं. मी म्हणे, हिला काही समजतच नाही." मग थोड्या वेळाने, "आता वाटते, दोरी हिच्याच पायात होती."

"पण हे तर जुन्या आठवणींत रमणं झालं"

लहानपणची वस्तू हाती आली की गलबलतं, हे खरंच आहे. बालभारतीचं जुनं पुस्तक, 'किशोर'चा एखादा अंक (मासिक १९७१ पासून निघतंय), सोव्हिएत रशियातून मराठीत येणारी ती गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं, ह्यांवर माझ्या पिढीला तासभर बोलता येतं.

पण आठवणींनी बाबांचं कोडं सुटत नाही. त्यांच्या लहानपणी घरात एकही चित्रपुस्तक नव्हतं. पाटी, पंचांग आणि पोथ्या. ह्या कोंबडीशी त्यांची ओळख ७९व्या वर्षी झाली. ज्याची आठवणच नाही त्यात रमणार कसं?

"भाषा अगदी बाळबोध असते हो"

असते. पण 'बाळबोध' हा शब्द जरा हातात घेऊन पाहा. मोडीच्या काळात देवनागरीला बाळबोध लिपी म्हणत, मुलांनाही कळेल अशी. आज सगळे कायदे, सातबारे आणि कादंबऱ्या त्याच लिपीत आहेत. कळायला सोपं म्हणजे हलकं, हे समीकरण आपण कधी मांडलं कोण जाणे. चार ओळींचा अभंग शाळेत पाठ होतो आणि कळायला कधी कधी चाळिशी उजाडते. तिथे आपण कुणी म्हणत नाही की चारच ओळी आहेत, शब्दही सोपे आहेत, सोडून द्या.

"पाच मिनिटांत संपतं, आणि किंमत बघितली का?"

किमतीचा मुद्दा मान्य. बाहेरून आलेली जाड पुठ्ठ्याची पुस्तकं अंगावर येतात. पण नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेत मराठी पुस्तकं परवडणाऱ्या दरात आहेत. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे ह्यांची पुस्तकं काढली आहेत, त्यांची चित्रंही त्यांनीच काढलेली, आणि त्यातली घरं, ओटे, दोरीवर वाळत घातलेले कपडे आपल्या ओळखीचे. चेन्नईचं तूलिका मराठीतही छापतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून फुकट वाचता येतं, मराठीही भरपूर आहे. पाच मिनिटांचं म्हणाल तर, बाबांनी ते ३२ शब्द दोन महिने वाचले.

"मग सगळीच चित्रपुस्तकं अशी असतात का?"

छे. बरीचशी टाकाऊ असतात, आणि इथे मी अजिबात मवाळ नाही. ससा खोटं बोलला, सशाला शिक्षा झाली, तात्पर्य खाली चौकटीत. अशा पुस्तकात मोकळी जागा एक इंचही नसते. मूलही ते एकदा ऐकून बाजूला टाकतं आणि मोठ्याला तर त्यात करायलाच काही नसतं. दुसरा प्रकार गोड-गोड पुस्तकांचा, जी मुळात मोठ्यांना भेट द्यायलाच काढलेली असतात, पानापानावर सुविचार. त्यांच्यापासून तर चार हात लांब बरं.

पारख सोपी आहे. शब्द हाताने झाका आणि नुसती चित्रं पाहा, मग चित्रं झाकून नुसते शब्द वाचा. दोन्ही वेळा काही हरवल्यासारखं वाटलं तर पुस्तक घ्या.

"दुःखावर हा उपाय आहे, असं म्हणायचंय का?"

नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, मन उठतच नाही, तर डॉक्टरकडेच जायचं. पण जपानी लेखक कुनिओ यानागिदा आपला मुलगा गेल्यानंतर चित्रपुस्तकांकडे वळले, आणि ही पुस्तकं आयुष्यात तीनदा वाचावीत असं सांगत आले: लहानपणी, मूल वाढवताना, आणि उतारवयात. आपल्याकडे पहिल्या दोन खेपा आता होऊ लागल्या आहेत. तिसऱ्या खेपेला मात्र आजोबांच्या हातात वर्तमानपत्र किंवा पोथी, तिसरं काही आपण देतच नाही. डोळे थकलेल्या, लांब परिच्छेद झेपत नसलेल्या माणसाला मोठं चित्र आणि पानावर एक ओळ किती सोयीची पडते, हे मला बाबांना बघूनच कळलं.

हातात घ्यायचं तर

आधी शब्द न वाचता सगळी पानं उलटा. मुखपृष्ठ उघडल्यावर आत चिकटवलेला कागदही बघा, चित्रकार तिथेही काहीतरी लपवतात. मग शब्द मोठ्याने वाचा, घरात कुणी नसलं तरी. आणि शक्य असेल तर एखादं पोरगं शेजारी बसवा, कोल्हा कुठे आहे ते दाखवायला.

बाबांनी तेच केलं. परवा रविवारी व्हिडिओ कॉलवर पुस्तक कॅमेऱ्यापुढे धरून त्यांनी भाचीला विचारलं, "सांग बरं, मागे कोल्हा आहे हे कोंबडीला माहीत होतं का?"

"आबा, तिला भूक लागली होती," ती म्हणाली. "माझं पुस्तक पाठवा ना."

कुरिअर करतो म्हणून बाबांनी कबूल केलंय. पुस्तक अजून दिवाणावरच आहे.